मोड, वाल आणि तुझा तो प्रश्न

मनू,

मंगळवारी मी ओव्हनमधून मोडांची पुरचुंडी काढत होते तेव्हा तू विचारलंस, "आई, याचा खरंच काही फायदा असतो की तुला फक्त माईआजीची आठवण येते? कॅन उघडला तर पाच मिनिटांत होतं." मी "जेव आधी" म्हणून टाळलं, पण मनाला लागलं ग, आणि नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून जास्तच लागलं.

इथल्या थंडीत मोड यायला ओव्हनचा नुसता दिवा लावून ठेवावा लागतो, ठाण्याला नौपाड्यात असलं काही नव्हतं. माई जांभळीनाक्यावरून आणलेले कडवे वाल सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधायची आणि मग फडकं उघडायची कोणाला परवानगी नाही, मी तरी लपून उघडून बघायचेच. मोड आले की वाल कोमट पाण्यात, आणि रविवारी सकाळी पेपर पसरून माई, बेबीमावशी आणि मी सोलायला. चिमटीत धरून हलकं दाबायचं, साल बोटात राहते आणि डाळिंबी सुळकन निसटते. जोरात दाबलं की मोड तुटतो. माई ओरडायची नाही, तुटलेली डाळिंबी नुसती बाजूला ठेवायची, त्याचंच जास्त वाईट वाटायचं. तासभर बोटं सुरकुतलेली, नखांत तो कडवट वास, आणि मैत्रिणी तलावपाळीवर गेलेल्या. मला तेव्हा हे काम अजिबात आवडायचं नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

माई म्हणायची मोडात दसपट ताकद. मी या आठवड्यात बसून वाचलं, तर तसं नाहीये. प्रोटीन काही वाढत नाही, उलट 100 ग्रॅम कोरड्या मुगात साधारण 24 ग्रॅम असतं आणि मोडाच्या तेवढ्याच वजनात खूप कमी, कारण वजन पाण्याचं. कोरड्या दाण्यात व्हिटॅमिन सी जवळजवळ नसतंच, ते मोड येताना तयार होतं, पण 100 ग्रॅम कच्च्या मुगाच्या मोडात 13 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे संत्र्यापेक्षा कमीच, आणि आपण उसळ शिजवतो त्यात त्यातलंही बरंच जातं. म्हणून वरून लिंबू पिळ म्हणते मी, उगाच नाही.

पण एक गोष्ट मला खरंच आवडली. कडधान्यात फायटिक ॲसिड असतं, ते लोह आणि झिंक धरून ठेवतं, आपल्या अंगी लागू देत नाही. दाणा भिजून रुजायला लागला की त्याला स्वतःलाच वाढायला फॉस्फरस लागतो, तो मिळवायला तो ते ॲसिड फोडतो, आणि मग अडकलेलं लोह थोडं मोकळं होतं. पोटात गॅस करणाऱ्या साखरा पण तो खाऊन कमी करतो. भाऊआजोबांना साध्या वालाने पोट फुगायचं आणि बिरड्याने, म्हणजे मोडाच्या वालांच्या उसळीने, नाही, ते बहुतेक यामुळेच.

आणि कच्चे मोड मूठभर खाल्ले की माई रागवायची, ते मला जुन्या बायकांचं वाटायचं. पण दमट उबेत मोड वाढतात तसे जंतूही वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमधून ई. कोलाय पसरला, 50 च्या वर माणसं गेली. म्हणून तुझ्या सॅलडवर कच्चे घालू देत नाही, वाफवून घाल.

तर फायदा आहे, माई सांगायची तेवढा नाही. कॅनमधल्या बीन्सनेही तुझं काही बिघडणार नाही, डब्याला तेच हवे असतील तर ने, मी मनाला लावून घेणार नाही. आणि हो, आठवण येते. फडकं उघडलं की तो ओला वास येतो ना, तेव्हा सगळ्यात जास्त.

या शुक्रवारी सकाळी वाल भिजवतेय. रविवारी अकराला सोलायला बसेन, अभ्यास असेल तर राहू दे. बसलीस तर हलकं दाब.

आई