वाचक विचारतात : जिमी रॉजर्सच्या तबकड्या

प्रश्न : जुन्या कपाटात अमेरिकी कंट्री गायक जिमी रॉजर्सची ‘ब्लू योडल’ ही ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी सापडली. प्लेअरवर लावली तर आवाज दबका येतो आणि खरखर फार. तबकडी गेली का? (सातारा)

उत्तर : बहुतेक वेळा तबकडी ठीक असते, सुई चुकीची असते. एलपीच्या (नंतरच्या, बारीक खाचेच्या तबकडीच्या) सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८च्या रुंद खाचेला ३ मिल लागतं. बारीक सुई थेट खाचेच्या तळाशी बसते आणि तिथे साचलेली घाणच वाजवते. तुमच्या कार्ट्रिजला (सुई बसते त्या भागाला) ७८ची सुई मिळते का ते पाहा. सुईचा भार ३ ते ५ ग्रॅम ठेवा. दबकेपणाचं कारण वेगळं. आजचे फोनो-प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारे) १९५४ नंतरच्या मापानुसार ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, उतरवतात. हे गाणं ३० नोव्हेंबर १९२७ला कॅम्डेनमध्ये मुद्रित झालं, तेव्हा ते माप नव्हतंच. म्हणून ट्रेबल वाढवा, बास थोडा कमी करा.

धुताना स्पिरिट अजिबात नको, ही तबकडी लाखेची असते आणि लाख त्यात विरघळते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर दर बाजूला नवी पोलादी सुई. एका बाजूतच तिचं टोक घासून धारदार होतं आणि पुढच्या वेळी ती खाच तासते.

प्रश्न : अॅपवर हेच नाव शोधलं तर भलताच गुळगुळीत आवाज येतो. (डोंबिवली)

उत्तर : तो दुसरा जिमी रॉजर्स, १९५७च्या ‘हनीकोंब’ या गाण्याचा. आपला रॉजर्स क्षयाने २६ मे १९३३ला न्यूयॉर्कमध्ये गेला. हा दुसरा त्याच वर्षी सप्टेंबरात जन्मला. आणखी एक फसगत : १९५५मध्ये काही जुन्या मुद्रणांवर नवा वाद्यवृंद चढवला गेला. तबकडीवर त्या वाद्यवृंदाचं ‘रेनबो रँच बॉइज’ हे नाव दिसलं तर ती तीच. आमच्या मते ती टाळलेली बरी. रॉजर्सची गिटार तिथे गर्दीत हरवते.

प्रश्न : ‘ब्लू योडल नंबर ९’मध्ये खरंच जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग आहे? लेबलवर तर नाव नाही. (पणजी)

उत्तर : आहे. १६ जुलै १९३०, हॉलिवूड. पियानोवर त्याची पत्नी लिल. ऐकताना मात्रा मोजा. रॉजर्स एकट्याने गायला सरावलेला, ओळ संपली की मनाला येईल तेवढा थांबतो, ब्लूजचा ठरलेला बारा बारचा (मापांचा) हिशेब मोडतो. ट्रंपेट त्या मोकळ्या जागा भरत जातो आणि पियानो पुढची सम कुठे पडेल याचा अंदाज घेत चालतो. दोघेही कसलेले, म्हणून गाणं कोसळत नाही.

प्रश्न : किशोरकुमारचं योडलिंग इथूनच आलं का? मला जमत नाही. (इंदूर)

उत्तर : रॉजर्स आणि न्यूझीलंडचा गायक टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून त्याने ते उचललं, असं सांगितलं जातं. किशोरचं योडल चपळ, रॉजर्सचं संथ, कडव्याच्या शेवटी सुस्कारल्यासारखं. सरावाला छातीच्या आवाजात ‘ओ’ धरा आणि एका झटक्यात वरच्या पातळ आवाजात ‘ली’वर जा. आपल्या गळ्याची सवय मींड घेत चढण्याची, तिथेच घोटाळा होतो. मधला तडा झाकू नका, तो ऐकू यायलाच हवा.