आंतरराष्ट्रीय कायदा शिकून परराष्ट्र खात्यात जाता येतं का, की शिकवतच बसावं लागतं?

'शिकवतच बसावं लागतं' हे शब्द वाचले म्हणून लिहितोय. सिंगापूरचे टॉमी कोह शिकवतच होते. विद्यापीठात कायदा शिकवणारा हा माणूस 1968 साली, वयाच्या तिशीत, संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचा कायम प्रतिनिधी झाला. मलेशियातून वेगळं होऊन सिंगापूरला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मधे परत येऊन ते विधी शाखेचे अधिष्ठाता झाले आणि 1974 ला पुन्हा न्यूयॉर्कला गेले. समुद्रावर कुणाचा किती हक्क हे ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा परिषदेचे अध्यक्ष, श्रीलंकेचे अमेरासिंघे, 1980 च्या डिसेंबरात वारले आणि ती खुर्ची कोह यांच्याकडे आली. तेवढ्यात अमेरिकेत रेगन सरकार आलं आणि समुद्रतळाच्या खाणकामाची कलमं पुन्हा उघडा म्हणू लागलं. तरीही 30 एप्रिल 1982 ला मसुदा 130 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला, 17 तटस्थ राहिले. विरोधात अमेरिका होती, तरी करार उभा राहिला.

आंतरराष्ट्रीय कायद्यात काही करता येतं हे आमच्या घरात कुणाला पटत नव्हतं. माझे मामा रत्नागिरीत वकील, सगळं काम दिवाणी, वाटपाचे दावे नि कूळकायदा. मी त्यांच्या ऑफिसात बसावं असं आईसकट सगळ्यांचं ठरलेलं. मी आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम करणार म्हटल्यावर गणपतीत, आरती झाल्यावर, पडवीत सगळ्यांसमोर मामा म्हणाले, "ज्याच्यामागे पोलीस नाही, जप्ती नाही, तो कायदा कसला? हुकूमनामा मिळाला तर दरखास्त कुठे लावणार?" दरखास्त म्हणजे कोर्टाच्या निकालाची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज. सगळे हसले. मी म्हटलं, "मामा, तुमच्याकडे कोर्टाचा हुकूम बजावणारा बेलिफ आहे, तरी भावाभावांचे हुकूमनामे वर्षानुवर्षं दरखास्तीतच पडून आहेत ना?" मग कुणी हसलं नाही. आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

अजूनही म्हणेन, मामांचा मुद्दा चुकीचा होता. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बोट सुटली की 12 सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याचं, त्यापुढे 200 मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राचं. हेच 12 आणि 200 चे आकडे कोह यांच्या परिषदेने जगासाठी पक्के केले. आणि दरखास्तीचं विचाराल, तर बंगालच्या उपसागराच्या हद्दीवरून बांगलादेशाने भारताला लवादापुढे नेलं. 2014 च्या जुलैत निवाडा झाला. वादातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशाला गेले. दारात कुठलाही बेलिफ आला नाही, तरी भारताने तो मानला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा, हा सरळ रस्ता, पण एकमेव नाही. परराष्ट्र मंत्रालयात विधी आणि करार विभाग आहे. तिथल्या विधी अधिकाऱ्यांच्या जागा यूपीएससीच भरते, पण सिव्हिल सर्व्हिसेसच्या परीक्षेतून नव्हे. याच विभागाच्या प्रमुख राहिलेल्या नीरू चढ्ढा 2017 मध्ये हँबुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणावर निवडून आल्या. तिथे बसणारी ती पहिली भारतीय स्त्री. जागा मोजक्याच निघतात, म्हणून नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकीची बाजूही धरून ठेवा. गाइडं वाचू नका, कराराचं मूळ कलम वाचा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. 2016 ला दक्षिण चीन समुद्राचा निवाडा फिलिपिन्सच्या बाजूने लागला आणि चीनने तो सरळ धुडकावला. मोठा देश अडला की हा कायदा अडतो. कोह यांच्यासारखी कारकीर्दही कोवळ्या, छोट्या देशातच एवढ्या लवकर घडू शकते. आपल्याकडे तिशीतल्या व्याख्यात्याला कुणी न्यूयॉर्कला राजदूत म्हणून पाठवणार नाही.

तरी तुमच्या घरातलं कुणी पोलिसाचा प्रश्न काढून तुम्हाला तालुका कोर्टात बसवायला निघालं, तर गप्प राहू नका. 2014 चा निवाडा छापून त्यांच्या हातात द्या.