१६ वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसोबत ओपन-एअर रॉक फेस्टिव्हलला पाठवावं का?

प्रश्न वाचून पुढे जाणार होतो, पण त्यातलं एक वाक्य डोक्यात गेलं. तुमची मुलगी सोळाची, मैत्रिणींसोबत दोन दिवसांच्या फेस्टिव्हलला जायचं म्हणतेय. पाठवू का, सुरक्षित असतं का, एवढ्या आवाजाने कानांना काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. इथवर ठीक. पण पुढे लिहिलंय, "सवाईला जाते म्हणाली असती तर लगेच हो म्हटलं असतं, पण हे रॉक वगैरे..." सवाई म्हणजे पुण्याचा शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव. त्या 'वगैरे'साठी हे उत्तर.

पाठवा. आता माझं ऐका.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी अकरावीत, राहायला डोंबिवलीत. आय-रॉक, म्हणजे इंडिपेंडन्स रॉक, फरहाद वाडियांनी १९८६ साली सुरू केलेलं. पंधरा ऑगस्टच्या आगेमागे धोबीतलावच्या रंगभवनात एकामागून एक बँड वाजवायचे. रंगभवन म्हणजे सेंट झेवियर्सच्या शेजारचं खुलं थिएटर, डोक्यावर छप्पर नाही आणि महिना ऑगस्ट. आमच्याकडे तेव्हा रॉक पोहोचायचं ते कॅसेटवर. कुणीतरी काळ्या घोड्याला जाऊन ऱ्हिदम हाऊसमधून एक कॅसेट आणायचा आणि ती वीस घरांत डब व्हायची. माझ्या हातात यायची ती पाचवी-सहावी कॉपी. गायक विहिरीत पडलाय आणि मदतीसाठी ओरडतोय, असं वाटायचं. तरीही पाठ.

आय-रॉकला काळा टी-शर्ट लागतो, हे मला आणि पक्याला कुणीतरी सांगितलेलं. आमच्याकडे काळा टी-शर्ट नव्हता. आमच्या घरात काळं काही आणतच नसत, संक्रांतीचं आईचं लुगडं सोडून. मग ज्या पांढऱ्या टी-शर्टात मी झेंडावंदनाला उभा होतो, तोच रंगवायचा ठरला. हे काम तायडीचं. ती माझ्याहून दीड वर्षाने मोठी आणि हाताने हुशार. कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगाची पुडी आणली, आई भजनाला गेल्यावर जुन्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात मूठभर मीठ घातलं आणि लाकडी दांड्याने टी-शर्ट ढवळत बसली. म्हणाली, "रात्रभर राहू दे, मग तीन पाण्यांतून काढ. नाहीतर बसणार नाही रंग." मला घाई. आई यायच्या आत पातेलं जागेवर जायला हवं होतं. अर्ध्या तासात टी-शर्ट बाहेर काढला, एकदा पिळला आणि पक्याच्या गच्चीवर वाळत घातला.

घरी सांगितलं, पक्याकडे फिजिक्सची जर्नल पुरी करायची आहेत, रात्री तिथेच झोपेन. पक्याने त्याच्या घरी माझं नाव सांगितलं. दोन्ही घरांत फोन नव्हता, ही आमची सगळ्यात मोठी सोय.

रंगभवनात शिरलो तेव्हा एक बँड सुरू होता. कुठल्याशा कॉलेजातली पोरं असतील, नाव काही महत्त्वाचं नाही. त्यांनी डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं एक गाणं धरलं. ते मला शब्दन्‌शब्द पाठ होतं, वर्षभर रोज ऐकलेलं. आणि तेवढ्यात छातीत काहीतरी वाजायला लागलं. कानात नाही, छातीत, बरगड्यांच्या आत. आधी वाटलं घाबरलोय. मग बघतो तर डावीकडे एक मुलगा गिटार घेऊन जवळजवळ पुतळ्यासारखा उभा, फक्त बोटं हलतायत आणि माझ्या बरगड्या त्याच्या बोटांबरोबर हलतायत. बेस गिटार, म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या सुरांची गिटार. माझ्या सहाव्या कॉपीत ते वाद्य उरलंच नव्हतं. जे गाणं मला पाठ होतं, त्यात आणखी एक अख्खं वाद्य आहे, आणि गाणं त्याच्यावर उभं आहे, हे मला सोळाव्या वर्षी त्या गर्दीत उभं राहून कळलं. त्या दिवसातलं बाकी बरंच विसरलो. हे नाही.

पब्लिक मात्र दुष्ट. कुणी बिचाऱ्याने स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून आरडाओरडा, "मेडन वाजव, मेडन!" म्हणजे आयर्न मेडन या परदेशी बँडचं गाणं. मीही ओरडलो, लाज वाटते आता. तोपर्यंत आपल्याच मुंबईच्या रॉक मशीनने १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला होता (पुढे हेच इंडस क्रीड झाले). तरी आमच्यासारख्यांना आपल्या माणसाकडून परक्याचंच गाणं हवं असायचं.

मग पाऊस आला. स्टेजवर प्लास्टिकं ओढली गेली, खाली कुणी हललं नाही. थोड्या वेळाने शेजारचा लांब केसांचा पोरगा माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "तुला भाजलंय का?" बघतो तर कोपरापासून मनगटापर्यंत काळे ओघळ. मान काळी, पोट काळं, पँटचा वरचा भाग काळा आणि टी-शर्ट राखाडी. तायडीचं 'रात्रभर राहू दे' आठवलं. त्या पोराने आपल्या वडापावातला अर्धा मला दिला, बहुधा दया येऊन. मी तो काळ्या हातानेच खाल्ला.

शेवटची गाडी चुकली, ती आमच्याच मूर्खपणाने. कार्यक्रम संपल्यावर सामान कसं आवरतात ते बघत उभे राहिलो होतो. व्हीटीला फलाटावर बसून रात्र काढली. एका हवालदाराने काठीने ढोसून विचारलं, "काय रे, कोळशाच्या वॅगनीतून उतरलात का?" पक्या म्हणाला, "नाही साहेब, प्रोग्रामला गेलो होतो." हवालदार एवढा हसला की आम्हाला हाकलायचंच विसरला. ती रात्र आयुष्यातल्या उत्तम रात्रींपैकी आहे. कानात नुसती शिट्टी वाजत होती.

पहिल्या गाडीने डोंबिवली. पक्याचं घर तेव्हा उघडं नसणार म्हणून मी घरीच आलो. दार तायडीने उघडलं. अंधारात बूट काढताना तोल गेला आणि भिंतीला हात टेकला. भिंत चुन्याची. सकाळी बाबा पेपर घ्यायला उठले तर दाराशेजारी काळा पंजा, पाच बोटं स्पष्ट.

आईने खोबरेल तेल आणि बेसन लावून माझी मान घासली. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच, "बेसूर किंचाळणं ऐकायला खोटं बोललास." खोटं बोललास यावर जोर नव्हता, बेसूरवर होता. तो पंजा त्यांनी दिवाळीच्या रंगकामापर्यंत पुसू दिला नाही. पाहुणा आला की, "हे आमच्या चिरंजीवांचं संगीत." शेजारचे एक काका विचारून गेले, तुम्ही काँग्रेसचं काम करता का.

आता त्यांचं ऐका. माझे वडील पंधराव्या वर्षी मामाकडे जातो म्हणून घरातून निघाले आणि पुण्याला सवाई गंधर्वला जाऊन बसले. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ तो महोत्सव १९५३ साली सुरू केला होता आणि तेव्हा तो रात्ररात्र चालायचा. डिसेंबरची थंडी, खाली सतरंजी, अंगावर दुसऱ्या कुणाची तरी शाल. ही गोष्ट मी प्रत्येक मुंजीत आणि प्रत्येक लग्नात ऐकली आहे आणि दर वेळी ऐकणारे म्हणतात, "काय वेड हो गाण्याचं!" म्हणजे वय तेच, उघड्यावरचा कार्यक्रम तोच, रात्र बाहेर काढली तीही तशीच, थापही तीच. त्यांनी केलं ते वेड, मी केलं ते वाया जाणं. तुमचं 'वगैरे' नेमकं इथलं आहे, म्हणून झोंबलं.

एकदा त्यांना खिंडीत पकडलं होतं. विचारलं, रेडिओ होता की घरी, मग पुण्याला कशाला गेलात? म्हणाले, "रेडिओवर तंबोरा कळतच नाही रे. समोर बसलं की कळतं, अख्खं गाणं त्याच्या आत चाललंय." मी म्हटलं, तेच मी सांगतोय, फक्त माझा तंबोरा डावीकडे उभा होता आणि त्याचे केस लांब होते. म्हणाले, "ते आणि हे एक नव्हे." तीस वर्षं होऊन गेली, वाद इथेच अडकलाय.

नियतीने मात्र न्याय केला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला झेवियर्स, हाकेच्या अंतरावर कामा आणि जीटी हॉस्पिटल. काही वर्षांत ते बंदच पडलं. आम्ही मुकाट बसलो, रुग्णाला झोप हवी हे कुणालाही कळतं. (त्याच रंगभवनात १९७८ साली जॅझ यात्रा या जॅझ महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स वाजवून गेला होता, म्हणजे नुसती आमच्यासारख्या हुल्लडबाजांचीच जागा नव्हती ती.) त्याच नियमाने सवाईच्याही रात्री गेल्या. तेव्हा बाबा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, "मग मालकंस काय दुपारी चार वाजता ऐकायचा? ललत कधी ऐकायचा?" मालकंस रात्रीचा राग, ललत पहाटेचा. मी म्हटलं, बाबा, रात्री लोकांना त्रास होतो. मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

असो. तुमचे प्रश्न.

कान. याबाबत चेष्टा नको. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालून जातो असं मानतात, १०० डेसिबलला तीच मर्यादा पंधरा मिनिटांवर येते, आणि स्टेजसमोर १०० सहज ओलांडतो. माझ्या डाव्या कानात कायमचा रातकिडा आहे. रात्री पंखा बंद केला की ऐकू येतो. फोमचे इअरप्लग केमिस्टकडे मिळतात, दोन जोड्या द्या, एक हरवतेच. स्पीकरच्या भिंतीला टेकून उभं राहू नकोस म्हणून सांगा.

सुरक्षितता. तिकिटावर वयाची अट काय आहे ते आधी बघा, काही ठिकाणी लहानांना सोबत मोठं माणूस लागतं. गर्दीत फोनचं नेटवर्क जातं, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ आधी ठरलेली हवी. परतीची गाडी आणि गाडीवाला पक्का हवा. बंद बूट घालायचे, सँडल नको. कुणी उघडी बाटली पुढे केली तर हात लावायचा नाही. आणि रात्री किती वाजता का असेना, "आई, न्यायला ये" म्हणायची तिला भीती वाटता कामा नये. मला वाटायची, म्हणून फलाटावर झोपलो.

आणखी एक, हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं. मी मुलगा होतो. फलाटावरची रात्र मला गंमत वाटली, तुमच्या मुलीला वाटेलच असं नाही, आणि हवालदार हसला तोही समोर दोन पोरगे होते म्हणून. तेव्हा मी वर 'पाठवा' म्हटलंय ते अर्धवट आहे. पहिल्या वर्षी तुम्ही सोबत जा, लांब उभ्या राहा, ओळख दाखवू नका.

तायडीला त्या दिवशी यायचं होतं. टी-शर्ट ढवळताना तिने दोनदा विचारलं होतं, "तिकीट कुठे मिळतं रे?" मी ते तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इतक्या वर्षांत तिने विषय काढला नाही, म्हणून मीही नाही.

आय-रॉक २०२२च्या नोव्हेंबरात पुन्हा भरलं, माझगावला. मी गेलो, छापील काळा टी-शर्ट विकत घेतला, गुडघे दुखले म्हणून मागे जाऊन बसलो, इअरप्लग घातले. बेस आला तेव्हा एक कान मोकळा केला. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. बाबांनी अंगठा दाखवला, तो बहुतेक चुकून दाबला गेला असावा. तायडीचा मेसेज अकरा वाजता आला. ती ठाण्याला राहते, माझगाव तिला माझ्यापेक्षा जवळ.

"या वेळी रंग विकतचा दिसतोय. म्हणून विचारलं नाहीस का?"

अजून उत्तर दिलेलं नाही.