उंदराला आठवा हिस्सा का हवा होता?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. अपूर्णांकांची धास्ती जावी म्हणून गेले काही महिने मी त्याला विनोदी सचित्र गोष्टी वाचून दाखवते. तो पोट धरून हसतो, पात्रांच्या नकला करतो; पण एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारले की ठामपणे ‘एक अष्टमांश’ म्हणतो. या गोष्टींचा उपयोग होत नाही, असे समजावे काय?

उत्तर : गोष्टीतला विनोद नेमका कोठे आहे, ते आधी पाहावे लागेल. आपण वाचलेली एखादी गोष्ट घ्या आणि तिच्यातले अपूर्णांक वगळून ती सांगून पाहा. पात्र घसरून पडते, त्याची टोपी उडते आणि मूल पूर्वीइतकेच हसते, असे झाले, तर त्या गोष्टीत अपूर्णांक केवळ पाहुणा म्हणून आलेला होता. मग मुलाच्या लक्षात टोपी राहिली, यात त्याचा दोष नाही. अशा गोष्टींनी विषयाची भीती थोडी कमी होत असेल. समज वाढेल, अशी अपेक्षा मात्र त्यांच्याकडून ठेवू नये.

आता दुसऱ्या जातीची गोष्ट पाहा. एका हावरट उंदराला लांबलचक रंगीत फितीचा चौथा हिस्सा देऊ केला जातो. तो फुरंगटून म्हणतो, ‘चारच? मला आठवा हिस्सा हवा!’ आठवा मिळताच तो सोळावा मागतो आणि सोळावा मिळताच बत्तिसावा. प्रत्येक पानावर मूळ फीत तेवढ्याच लांबीची काढलेली असते आणि तिच्याखाली उंदराचा तुकडा असतो. पानागणिक उंदराचा तोरा वाढतो, तुकडा मात्र निम्मा होत जातो. शेवटी तो तुकडा त्याच्या एका मिशीलाही पुरत नाही. येथे अपूर्णांक काढून घेतला तर गोष्टच उरत नाही, कारण मूल हसते ते उंदराच्या आधी आपल्याला उमगले म्हणून.

आपल्या मुलाची चूक आणि उंदराची चूक एकच आहे, आणि ती निष्काळजीपणाची नाही. आठ हे चारांहून मोठे, हे ज्ञान त्याने मोजायला लागल्यापासून वापरलेले आहे व ते आजवर कधीही खोटे ठरलेले नाही. छेदातला आठ मात्र वस्तू मोजत नाही, एका वस्तूचे किती समान भाग केले ते सांगतो, हे त्याला आता नव्याने स्वीकारायचे आहे. म्हणून गोष्ट वाचताना पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि ‘आता याला केवढा तुकडा मिळेल?’ असे विचारावे. उत्तर चुकले तरी लगेच दुरुस्त करू नये. पुढच्या पानावरचे चित्र ते काम करील. नंतर कागदाची एक पट्टी मुलालाच दुमडायला द्यावी : एकदा मधोमध दुमडली की दोन भाग, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा आठ. घडी वाढली की भाग लहान होतो, हे बोटांना कळते.

एका धोक्याकडे मात्र लक्ष असू द्यावे. ‘छेद मोठा, तर अपूर्णांक लहान’ असा सुटसुटीत नियम मूल स्वतःच बनवते आणि आपणही कौतुकाने मान डोलावतो. अंश सारखे असतील तरच तो नियम खरा आहे. म्हणून मी गोष्टीचा उत्तरार्ध असा सांगेन, की एकदा फसलेला उंदीर आता आठ या आकड्यालाच घाबरतो. त्याला फितीचे सात अष्टमांश देऊ केले जातात, तेव्हा तो किंचाळून पळतो आणि तीन चतुर्थांश घेऊन आपल्या शहाणपणावर खूश होतो. त्याने एक अष्टमांश फीत गमावली, हे मुलाने चित्रावरून शोधून काढले, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

प्रश्न : मी शिक्षक आहे. वर्गासाठी अशा चित्रकथा स्वतः तयार कराव्यात असे वाटते, परंतु माझी चित्रकला बेताचीच आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : उंदीर वेडावाकडा आला तरी बिघडत नाही, उलट मुले अधिक हसतील, वाकडे येऊन चालत नाहीत ते भाग. असमान तुकड्यांना तृतीयांश म्हणणारे चित्र गणित शिकवण्याऐवजी बिघडवते. हाताने वर्तुळाचे तीन किंवा पाच समान भाग करणे चांगल्या चित्रकारालाही जड जाते, म्हणून चौकटीच्या कागदावर बारा घरांची पट्टी काढावी. तिचा अर्धा भाग सहा घरांचा, तृतीयांश चार, चतुर्थांश तीन आणि षष्ठांश दोन घरांचा होतो. फूटपट्टीचीही गरज पडत नाही.

याच पट्टीवर बेरजेतली नेहमीची चूक विनोदी करून दाखवता येते. मुले १/२ आणि १/३ यांची बेरीज अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ करतात. गोष्टीतल्या अस्वलाकडे सहा घरे आहेत, त्याला आणखी चार मिळतात, आणि हिशेबनीस कोल्हा गंभीरपणे जाहीर करतो की अस्वलाकडे आता पाचही घरे भरत नाहीत. अस्वल पट्टी उलटी करून, झटकून हरवलेली घरे शोधते. प्रत्यक्षात दहा घरे, म्हणजे ५/६, त्याच्या समोरच असतात.

आणखी एक सुचवतो. हत्तीचे अर्धे पांघरूण आणि मुंगीचे अर्धे पांघरूण एका चित्रात शेजारी काढा. ‘अर्धे’ म्हणताना कशाचे अर्धे हे विचारावे लागते, ही गोष्ट पुस्तकांत फार घाईने उरकली जाते.

प्रश्न : सतरा उंटांचे जुने कोडे आमच्या बारा वर्षांच्या मुलीला सांगितले. तीन मुलांना निम्मे, तिसरा आणि नववा हिस्सा द्यायचा असतो. एक शहाणा गृहस्थ आपला उंट त्यांत मिळवून अठरा करतो, मुलांना नऊ, सहा आणि दोन देतो व आपला उंट परत नेतो. मुलीने विचारले, की प्रत्येकाला हक्कापेक्षा जास्त कसे मिळाले?

उत्तर : प्रश्न अचूक आहे. सतराचे निम्मे साडेआठ असताना थोरल्याला नऊ मिळाले, आणि इतर दोघांचेही तसेच झाले. १/२, १/३ आणि १/९ यांची बेरीज १७/१८ होते. म्हणजे वडिलांनी सगळे उंट वाटलेच नव्हते, अठरावा हिस्सा बेवारस राहिला होता, आणि तोच तिघांत वाटला गेला. या वयाच्या मुलीला आता आकडे बदलून पाहू द्यावे. सात उंट आणि निम्मा, चौथा, आठवा हिस्सा असेल तर युक्ती पुन्हा साधते. मात्र मूळ कोड्यात नवव्याऐवजी सहावा हिस्सा घातला, तर बेरीज बरोबर एक होते, नऊ, सहा आणि तीन मिळून अठराही उंट वाटले जातात आणि शहाण्या गृहस्थाला पायी घरी जावे लागते.