मराठी ‘परकीय’ कशी?

एका शिक्षिकेने विचारलं आहे: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी मराठी चित्रपटांवर लेख लिहिले. त्यात एक वाक्य आहे, ‘श्वास या चित्रपटाला ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट परकीय भाषा चित्रपट या विभागात नामांकन मिळाले होते.’ मराठी चित्रपटाला ‘परकीय’ म्हटलेलं कानाला खटकतं. परदेशी, विदेशी, परभाषिक यांपैकी काय लिहावं?

बाई, तुमचा कान बरोबर सांगतो आहे. खोच आहे ती ‘पर’मध्ये. परगाव, परप्रांत, परधर्म, परभाषा, या सगळ्या शब्दांत बोलणारा कुठे उभा आहे हे गृहीत धरलेलं असतं. साताऱ्याच्या माणसाला सोलापूर परगाव, सोलापूरच्या माणसाला सातारा. ऑस्कर देणारी अकादमी अमेरिकेतली. तिने नाव ठेवलं ते तिथे उभं राहून. तुमची विद्यार्थिनी उभी आहे मराठीत. तिने ते नाव शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं, आणि ‘श्वास’मधला कोकणातला आजोबा नातवाशी ज्या भाषेत बोलतो तीच परकी ठरली. शिवाय ‘परकीय’ म्हटलं की आपल्याला परकीय सत्ता, परकीय आक्रमण आठवतं. आपल्या बोलीला तो शब्द लागला की जिव्हारी लागणारच.

‘परदेशी’ने काम होत नाही, कारण तो शब्द देशाशी बांधलेला आहे. कन्नड किंवा बंगाली मला परभाषा आहे, परदेशी नाही. ‘विदेशी’ची तीच गोष्ट, विदेशी कापडाची होळी आणि विदेशी मद्याच्या दुकानाची पाटी सोडली तर रोजच्या बोलण्यात आपण परदेशीच म्हणतो. ‘परभाषिक’ आपण बहुधा माणसांना लावतो, आणि त्यातही ‘पर’ आहेच.

मी ‘इंग्रजीतर’ लिहीन. इंग्रजी अधिक इतर. ‘इंग्रजीतर भाषेतील चित्रपट’ हे पुण्यात वाचा, पणजीत वाचा की लंडनमध्ये, अर्थ बदलत नाही आणि कुणी परकं ठरत नाही. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांतही या विभागाचं नाव ‘इंग्रजी भाषेत नसलेला चित्रपट’ अशा अर्थाचंच आहे. एकच सांभाळायचं: ‘शिक्षकेतर’, ‘ब्राह्मणेतर’ यांच्या चालीवर हात सहज ‘इंग्रजेतर’ लिहून जातो. शिक्षकमधला शेवटचा ‘अ’ आणि इतरचा ‘इ’ मिळून ‘ए’ होतो. इंग्रजीच्या शेवटी ‘ई’ आहे, म्हणून दीर्घ ‘ई’च राहते. इंग्रजेतर म्हणजे इंग्रज सोडून बाकीची माणसं. मराठीतर आणि मराठेतर यांतला फरक मनात ठेवला की चूक होत नाही.

‘परकीय भाषा चित्रपट’ ही नुसती नामांची रांगही मोडा. मराठीला तिथे ‘भाषेतील’ किंवा ‘भाषेतला’ लागतो.

अकादमीलाही जुना शब्द नकोसा झाला. 2019 मध्ये तिने विभागाचं नाव बदलून ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ असं केलं, आणि नव्या नावाचा पहिला पुरस्कार 2020 मध्ये कोरियन भाषेतल्या ‘पॅरासाइट’ला मिळाला. त्याच सोहळ्यात तो सर्वोत्कृष्ट चित्रपटही ठरला. इंग्रजीतर चित्रपटाला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. पण नाव बदललं तरी अट भाषेचीच राहिली: चित्रपट अमेरिकेबाहेर तयार झालेला हवा आणि अर्ध्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत हवेत. नायजेरियाने पहिल्यांदाच पाठवलेला ‘लायनहार्ट’ याच अटीवर बाद झाला. त्यातले बहुतेक संवाद इंग्रजीत होते, आणि इंग्रजी ही तर नायजेरियाची राजभाषा. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. एका देशाची राजभाषा दुसऱ्या देशाच्या नियमात बसत नाही म्हणून त्याचा चित्रपट आंतरराष्ट्रीय नाही, हे कुठल्याच भाषेत नीट सांगता येणार नाही. म्हणूनही मला ‘इंग्रजीतर’ अधिक खरा वाटतो. विभागाची अट काय आहे ते तो शब्द उघड सांगतो.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, कारण ही चूक छापील मजकुरातही सारखी दिसते. ‘श्वास’ला नामांकन मिळालं नव्हतं. 2004 साली ती भारताची अधिकृत प्रवेशिका होती. पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ यांनाही तो मान मिळाला. देश चित्रपट पाठवतो ती प्रवेशिका. आलेल्या प्रवेशिकांतून अकादमी मोजके पाच निवडते ते नामांकन. ते ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ यांना मिळालं होतं.

तेव्हा भित्तिपत्रकावर असं लिहू द्या: ‘2004 साली ऑस्करच्या इंग्रजीतर भाषेतील चित्रपटांच्या विभागासाठी भारताने श्वास हा मराठी चित्रपट पाठवला होता.’