डॅडींना पेटी नको होती

‘साधं केलं तर लोक म्हणतील, बापावर खर्च करायला जड झालं.’ शोक-समुपदेशनात अंत्यविधीचा विषय निघाला की ख्रिस्ती कुटुंबांकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. हे नेमकं कोण म्हणणार, असं विचारलं की बहुतेकांना एकही नाव सांगता येत नाही.

वसईतल्या एका कॅथलिक कुटुंबाची ही हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. वडील ऐंशीच्या घरातले. सारं आयुष्य वाडीत गेलेलं: केळी, पानवेल, सोनचाफा. कर्करोग पसरला होता, उपचार थांबवून घरीच शुश्रूषा चालली होती. मुलगी जवळच्याच गावात दिलेली, रोज येऊन सगळं बघायची. मुलगा मस्कतला. एका संध्याकाळी वडील मुलीला म्हणाले, ‘मला पेटीत घालू नका. सुती चादरीत गुंडाळा आणि मातीत ठेवा.’ तिने भावाला फोनवर सांगितलं, तर तो भडकला. ‘आपल्याला काय कमी आहे? चांगली सागाची पेटी आणू.’ त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं आणि मुलगी माझ्याकडे आली.

येताना ती पुरावे घेऊनच आली होती. पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये पोपच्या अंत्यविधीचे नियम साधे केले, सायप्रस, शिसं आणि ओक अशा एकात एक तीन पेट्यांची जुनी प्रथा काढून टाकली आणि एप्रिल 2025 मध्ये ते स्वतः एकाच पेटीत, साध्या कबरीत विसावले. खुद्द येशूलाही अरिमथाईकर योसेफाने तागाच्या वस्त्रात गुंडाळूनच कबरेत ठेवलं होतं. हे सगळं तिने भावाला लिहून पाठवलं होतं. भावाचं एका ओळीत उत्तर: ‘पोपना एक तरी पेटी होती ना?’ मला हसू आलं, पण त्याचं बरोबरच होतं. अशा भांडणात दाखले देऊन कुणी हललेलं मी पाहिलेलं नाही.

भावाशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. पेटीचा विषय बाजूला ठेवून विचारलं, ‘डॅडींसाठी काय करायचं राहिलं असं वाटतं?’ बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘मॅडम, ऑपरेशनच्या वेळी रजा मिळाली नाही. मी आजवर पैसेच पाठवले. आता शेवटचंही तेवढंच हातात आहे, तर तेही नको म्हणतात.’

त्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली. मस्कतला सोबतचा कुणी वारला की मृतदेह गावी पाठवायच्या खटपटीत तो असायचा. विमानाने न्यायचा तर मृतदेहावर रासायनिक प्रक्रिया आणि बंद पेटी लागतेच, तिथे निवडीचा प्रश्नच नसतो. इतकी वर्षं त्याने पाहिलं ते हेच, की ज्याला घर आहे त्याला पेटी मिळते. चादरीत गुंडाळलेला देह म्हणजे त्याच्या मनात बेवारस माणूस. बहिणीला वाटत होतं, भाऊ मोठेपणा मिरवतोय. हे ऐकल्यावर तिचा आवाज बदलला.

आईचं दुखणं निराळंच. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, ‘माती थेट तोंडावर पडणार ना गं त्यांच्या?’ या भीतीला तर्काने उत्तर देऊ नये. मी तिला हा प्रश्न त्यांनाच विचारायला सांगितलं. समुपदेशनाला येणारी घरं मरणाबद्दल सगळ्यांशी बोलतात, फक्त मरणाऱ्याशी बोलत नाहीत. मला या कामात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

वडिलांनी, म्हणजे माझ्यासाठी काकांनी, शांतपणे कारण सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाची कबर काही वर्षांनी पुन्हा उघडली तेव्हा ते हजर होते. मुंबई-वसईत कबरस्थानांना जागा अपुरी, म्हणून कबर पुन्हा वापरतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्या कबरीत प्लायवूडचे तुकडे, आतलं चकचकीत अस्तर आणि नायलॉनचा सूट तसेच निघाले. ‘वाडीत मी कधी प्लॅस्टिक पुरलं नाही,’ ते म्हणाले, ‘मग मला त्यात कशाला पुरता?’ तोंडावरच्या मातीचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला: खाली केळीची पानं, वर केळीची पानं, त्यावर फुलं आणि मग माती.

नातवाने मध्येच दहनाची गोष्ट काढली, राख चाफ्याखाली घालू म्हणाला. चर्चने 1963 पासून दहनाला मुभा दिली आहे, पण व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेनुसार राख पवित्र जागीच ठेवायची, घरी ठेवायची नाही की विखरायची नाही. शिवाय काकांना मातीच हवी होती. तो विषय तिथेच मिटला.

मग व्यवहाराचं बोलणं झालं, आणि माझ्या अनुभवात अर्धी चिंता तिथेच उतरते. मुलगी फादरना भेटली. प्रत्येक पॅरिशचे, म्हणजे स्थानिक धर्मग्रामाचे, नियम आणि कबरस्थानाची सोय वेगळी असते, म्हणून हे आधीच विचारून ठेवावं. त्यांच्याकडे पॅरिशची सामायिक पेटी होती: घरून चर्चमध्ये आणि मिस्सानंतर, म्हणजे तिथल्या प्रार्थनाविधीनंतर, कबरीपर्यंत देह तिच्यातून न्यायचा, तिथे चादरीसकट उचलून सुती पट्ट्यांनी खाली सोडायचा. पेटी परत येते. कपडे सुती, बूट नाहीत, हातात लाकडी रोझरी (जपमाळ), प्लॅस्टिकची फुलं नाहीत. पावसाळ्यात कबरीत पाणी साचलं तर काय करायचं, तेही ठरलं. काकांनी हे सगळं लिहवून घेतलं, खाली सही केली आणि एक प्रत फादरकडे दिली.

भावाला काय काम द्यायचं, हा माझा प्रश्न होता. पैसे देण्याचं काम मी मुद्दाम टाळलं. चादर त्याने आणावी आणि कबरीत उतरून देह हाती घेणाऱ्यांत तो असावा, असं काकांनीच सुचवलं. तो रजा घेऊन आला. वडिलांचे शेवटचे काही दिवस त्यांना अंघोळ घालणं, कूस बदलणं हे त्याने केलं. सागाची पेटी पुन्हा त्याच्या तोंडून निघाली नाही.

‘लोक’ही शेवटी भेटलेच. दफनानंतर एका मामांनी विचारलं, ‘पेटी परत का नेली? पैशांची अडचण होती तर सांगायचं.’ या प्रसंगासाठी आम्ही एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं, खुलासे करत बसायचं नाही म्हणून. भाऊ म्हणाला, ‘डॅडींनी तसं लिहून दिलं होतं, मामा.’ मामा पुढे काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर बोलले असतील, ते असू दे.

महिन्याच्या मिस्सानंतर आई मला भेटली. ‘त्यांचं त्यांच्या मनासारखं झालं,’ ती म्हणाली, ‘पण मला पेटी हवी हां.’ मुलीचा चेहरा पडला. मी आईलाच विचारलं, कशी हवी? साध्या लाकडाची, रंग-पॉलिश नको, आत अस्तराऐवजी तिच्या लग्नातली सुती साडी. भावाने तेही लिहून घेतलं.