दोन्ही बाजूंची संमती आहे, तरी लवाद चालेल का?

इंदूरच्या रामबागेतले एक ठेकेदार वाचक लिहितात: राज्याच्या लोक निर्माण विभागासाठी शाळेची इमारत बांधली. अंतिम बिलातून जादा कामाचे पैसे कापले गेले. पत्रव्यवहार होऊन दोघांच्या संमतीने एक निवृत्त अभियंता लवाद म्हणून नेमला. माझा दावा दाखल झाला, विभागाचा जबाब यायचा आहे. आता एक परिचित म्हणतात, मध्य प्रदेशात असा लवाद चालतच नाही. दोन्ही पक्ष राजी असताना अडचण कसली?

तुमच्या परिचितांचं म्हणणं खरं आहे, आणि ते वेळेत कानावर आलं हे बरं झालं. तुम्ही एखाद्या खासगी मालकाचा बंगला बांधला असता, तर 1996 चा लवाद कायदा लागला असता आणि लेखी संमती हाच लवादाच्या अधिकाराचा पाया ठरला असता. पण राज्य सरकार किंवा त्याच्या उपक्रमाशी झालेल्या बांधकाम करारांसाठी इथे 1983 चा मध्यस्थम् अधिकरण अधिनियम आहे. असे वाद या कायद्याखालच्या भोपाळच्या अधिकरणाकडेच, म्हणजे अशा वादांसाठीच्या खास न्यायाधिकरणाकडेच, जातात. 1996 च्या कायद्याने असे विशेष कायदे कलम 2(4) मध्ये राखून ठेवले आहेत. कायद्याने एका अधिकरणाला दिलेला अधिकार तुम्ही आणि विभागाचे कार्यपालन यंत्री (कार्यकारी अभियंता) सह्या करून दुसऱ्याला देऊ शकत नाही. करारात लवादाचं कलम असलं तरी हाच कायदा लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एल. जी. चौधरी प्रकरणात स्पष्ट केलं.

मग विभाग गप्प राहिला आणि निवाडा तुमच्या बाजूने लागला तर? त्याच निकालात, आणि 2025 च्या गायत्री प्रोजेक्ट प्रकरणात, योग्य वेळी हरकत न घेतलेला निवाडा केवळ या कारणावरून रद्द करू नये, असं म्हटलं आहे. तेवढ्या भरवशावर मात्र राहू नका. हरकतीची वेळ अजून टळलेली नाही. 1996 च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे जबाब देईपर्यंत ती घेता येते, आणि सरकारी वकिलाच्या लक्षात हा मुद्दा यायला वेळ लागत नाही. शिवाय 2018 च्याच लायन इंजिनिअरिंग प्रकरणात, आधी न घेतलेली अधिकारकक्षेची हरकत निवाड्याला आव्हान देतानाही राज्याला घेऊ दिली गेली. वर्षभर सुनावण्या करून शेवटी हे ऐकायची पाळी येऊ नये.

मला खरी काळजी मुदतीची वाटते. 1983 च्या अधिनियमाच्या कलम 7-ब प्रमाणे वाद आधी करारात नेमलेल्या अंतिम प्राधिकाऱ्याकडे न्यावा लागतो. त्यांचा निर्णय कळल्यापासून एक वर्षात अधिकरणात अर्ज हवा. सहा महिन्यांत निर्णयच आला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजायचं. त्यावर करार संपल्यापासून तीन वर्षांची कमाल मर्यादाही आहे. लवादापुढे गेलेला काळ यातून वजा होईल असं धरून चालू नका.

तेव्हा करार काढून वादाच्या कलमात अंतिम प्राधिकारी कोण ते बघा आणि त्यांच्याकडे दिलेल्या अर्जाची पोचपावती शोधा. तसा अर्ज दिलाच नसेल तर तो याच आठवड्यात द्या. दिला असेल आणि मुदत उरली असेल, तर विभागाच्या जबाबाची वाट न पाहता भोपाळला अर्ज दाखल करा. मापन पुस्तिकेचे उतारे आणि जादा कामाचे लेखी आदेश त्यासोबत जोडा. लवादापुढचं काम त्यानंतरच थांबवा, आणि थांबवताना ‘दावा सोडलेला नाही, तो अधिकरणापुढे मांडला आहे’ असं लिहून द्या.